खालच्या मजल्याचा पत्ता

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि काही तासांत रायगड अन् उत्तर रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून पुढे गेले. विजेचे खांब मोडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. मी त्या वेळी गावी होतो. मार्चमध्ये आठ दिवसांसाठी म्हणून गेलो, तो टाळेबंदीत तिथेच अडकलो होतो. वादळानंतर पाचव्या की सहाव्या दिवशी तालुक्याच्या गावाहून एक माणूस स्कूटरवरून चिठ्ठी घेऊन आला. तिथल्या वीस खाटांच्या धर्मादाय दवाखान्याचा डॉक्टर माझा शाळासोबती. चिठ्ठीत एवढेच होते : ‘कॉम्प्युटरचं काम आहे. सवडीने नको, लगेच ये.’

गेलो. जनरेटर चालू होता, दिवे लागले होते, जिन्याखालच्या राउटरचे हिरवे डोळे लुकलुकत होते. सिस्टरच्या हातातला फोन भरलेला, खाली मेडिकलमधला कॉम्प्युटर सुरू, सगळे यथास्थित. तरीही सिस्टरने फोनवर औषधांची यादी लिहिली आणि पाठवली की तिच्यापुढे घड्याळाचे ते इवलेसे चिन्ह येऊन बसे ते बसेच. शेवटी तीच यादी ती कागदावर उतरवून दारात ठेवी. करोनाचे संशयित रुग्ण वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत होते. तिथून आलेल्या कागदाला हात लावायला त्या दिवसांत कोण धजावणार? वॉर्डमधले मामा ती चिठ्ठी चिमट्यात धरून खाली नेत, औषधे घेऊन वर येत. मामांचे वय साठीच्या पुढे, त्यात मधुमेह. दिवसाला तीस-चाळीस खेपा.

‘‘मध्ये फक्त जिना आहे रे,’’ डॉक्टर म्हणाला. ‘‘अठरा पायऱ्या. आणि हिचा निरोप खाली जायचा तर आधी साता समुद्रापलीकडे जाऊन यायला हवा! हा काय प्रकार आहे, मला सांग.’’

प्रकार काय, ते त्याला त्या दिवशी सांगितले. आज वाचकांनाही सांगावेसे वाटते. कारण वादळ रोज येत नाही, पण जेसीबीने केबल तोडणे आपल्याकडे रोजचेच आहे. कधी सरकारी हुकमाने नेट बंद होते, कधी बिल भरायचे राहते. आणि दर वेळी एकाच छपराखालची माणसे एकमेकांना मुकी होतात.

यात अडचणी दोन, आणि त्या वेगळ्या आहेत. पहिली उघड आहे. आपण जी निरोपाची साधने वापरतो त्यांचे टपाल कार्यालय, म्हणजे सर्व्हर, दूर कुठेतरी असते. वरच्या मजल्याचा निरोप खालच्या मजल्याला तिथूनच येतो. दुसरी अडचण त्याही आधीची आणि कुणाच्या लक्षात न येणारी. त्या दूरच्या टपाल कार्यालयाचा पत्ता फोनला ठाऊकच नसतो. त्याला ठाऊक असते फक्त नाव. नावावरून पत्ता काढायला तो आधी तिसऱ्याच एका संगणकाला विचारतो. या विचारपूस व्यवस्थेचे नाव डोमेन नेम सिस्टीम, लघुरूपाने डीएनएस. परगावी एसटीतून उतरावे, स्टँडवरच्या टपरीवर ‘सावंतांचं घर कुठं?’ म्हणून विचारावे, तसेच हे. टपरी बंद असली तर सावंत समोरच्या गल्लीत का राहत असेनात, तुम्ही पिशवी घेऊन उभे.

माणूस निदान दोन हाका मारून पाहील. सॉफ्टवेअरला ती अक्कल नसते. ते वाट पाहते. लिनक्समध्ये नेहमीचा हिशेब असा की, एका विचारणीला पाच सेकंद थांबायचे, असे दोनदा करायचे. आणि विचारायला दोन सर्व्हर दिलेले असतील तर झाले वीस सेकंद, तेही एका नावापायी. जुन्या सेंडमेल या टपालाच्या सॉफ्टवेअरची गंमत तर अनेकांना आठवत असेल. यंत्र सुरू करताना त्याला स्वतःचेच पूर्ण नाव सापडले नाही की ते तसे सांगून मिनिटभर झोपी जाई. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, मशीन बिघडले. मशीन ठणठणीत असे, ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर कुणी देईल म्हणून थांबलेले असे.

आता हे असेच असायला हवे का? नाही. आणि पूर्वी असे नव्हतेही. इंटरनेटची आजी जी आर्पानेट, तिच्यात सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलीत होते. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली ती फाइल ठेवली जाई. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचे. त्या नाव लिहून घेणार. बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची. म्हणजे प्रत्येकाच्या घरी आपली आपली डिरेक्टरी. यंत्रे शेकड्यांत होती तोवर हे चालले. पुढे फाइल सांभाळणाऱ्यांचा पिट्टा पडू लागला, तेव्हा पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला. त्यात कुणा एकाकडे सगळी यादी नाही. प्रत्येकाने आपापल्या वाडीची यादी ठेवायची आणि वरच्याने फक्त ‘त्या वाडीची यादी कुणाकडे’ एवढे सांगायचे. आपला पत्ता मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असा वाढत जातो ना, तसेच ते नाव डावीकडून उजवीकडे मोठे होत जाते. कल्पना अतिशय सुंदर आहे, तिच्यावाचून आजचे जग चालणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण आपल्याकडच्या पहिल्या ई-मेलांना तिची गरज नव्हती, हेही खरे. १९८६ साली ‘अर्नेट’ ही योजना सुरू झाली, तेव्हा मुंबईत जुहूचे एनसीएसटी, पाच आयआयटी, बंगलोरची विज्ञान संस्था आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असा आठ घरांचा गोतावळा होता. एका यंत्राने दुसऱ्याला चक्क फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवायचा, अशी ती यूयूसीपी नावाची पद्धत. तिच्यात पत्त्याऐवजी वाटच लिहीत : आधी या यंत्राकडे, मग त्या, मग त्या, मध्ये उद्गारचिन्हे. प्रत्येक यंत्राला फक्त आपला शेजारी ठाऊक असला की पुरे. सांगलीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवलेल्या चिवड्याच्या डब्यासारखे ते पोचे, आणि पोचे. पुढे ऑफिसांतही, नव्वदच्या दशकात, नॉव्हेलच्या किंवा विंडोजच्या नेटवर्कवरून शेजारच्या टेबलावर ‘चहाला चल’ असा निरोप टाकता येई. बाहेरच्या जगाशी एका तारेचाही संबंध नसताना! विंडोजमधली ती सोय २००४ मध्ये मिटून ठेवण्यात आली आणि पुढच्या आवृत्तीत काढूनच टाकण्यात आली. तिचा गैरवापर होई, हे कारण खरे होते. पण तिच्या जागी घरातल्या घरात बोलण्याचे दुसरे साधे साधन कुणी ठेवले नाही, कारण तोवर सगळ्यांना ‘बाहेरून’ बोलायची सवय लागली होती.

असो. दवाखान्याकडे वळतो.

ठरवले असे : टपाल कार्यालय जिन्याखाली आणायचे आणि नाव विचारायची गरजच ठेवायची नाही. यासाठी जॅबर नावाची जुनी, खुली पद्धत आहे. तिचे औपचारिक नाव एक्सएमपीपी. १९९९ साली ती जगापुढे आली आणि २००४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत गेली. तिचे सर्व्हर फुकट मिळतात. मी प्रोसोडी हा निवडला, कारण तो अगदी जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो आणि दवाखान्याच्या अडगळीत तसाच एक होता.

पण तो आणायचा कुठून? नेटवाचून चालणारी व्यवस्था उभारायची तर आधी नेट हवे! ॲम्ब्युलन्स औषधे आणायला चिपळूणला जात होती, तिच्यात बसून गेलो. तिथे रेंज होती. फाइली उतरवून पेनड्राइव्हवर घेतल्या. परत येऊन बघतो तो त्या सॉफ्टवेअरला लागणारी एक उपफाइल राहिली होती. पुढच्या खेपेपर्यंत दोन दिवस हात चोळत बसलो आणि मामा जिना चढत-उतरत राहिले. या कामात मला सर्वांत जास्त शरम वाटली ती या दोन दिवसांची.

फाइली आल्यावर पहिले काम सर्व्हरला कायमचा पत्ता देण्याचे. राउटर यंत्रांना पत्ते वाटतो, पण भाडेकरूंना खोल्या द्याव्यात तसे. आज ही, उद्या ती. त्याला सांगून ठेवावे लागते की या यंत्राला नेहमी १९२.१६८.१.१० हाच पत्ता द्यायचा. हे केले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ. मग नाव ठरवले. जॅबरमध्ये प्रत्येकाच्या ओळखीत सर्व्हरचे नाव यावेच लागते. मात्र ते नाव जगात कुठे नोंदलेले असलेच पाहिजे असे नाही. मी मनानेच एक ठेवले. (असे घरगुती नाव उद्या बाहेरच्या एखाद्या खऱ्या नावाशी टक्कर खाऊ शकते. म्हणून ‘डॉट इंटरनल’ हे शेवटचे पद खासगी वापरासाठी २०२४ मध्ये राखून ठेवण्यात आले आहे. आज कुणी हे करणार असेल तर तेच वापरावे.)

कॉम्प्युटरांचे काम सोपे होते. प्रत्येक कॉम्प्युटरात ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल आजही असते. बाईंच्या त्या मूळ यादीची ही नातच. तिच्यात एक ओळ लिहायची : आधी पत्ता, मग नाव. बस्स. टपरीवर विचारण्याआधी यंत्र ही खिशातली वही उघडून बघते. फोनात मात्र ही वही कंपन्यांनी कुलपात ठेवलेली असते. तिथे निरोपाच्या ॲपमध्येच सोय शोधावी लागते. अँड्रॉइडवरच्या ‘कॉन्व्हर्सेशन्स’ या ॲपच्या सेटिंग्जमध्ये आत खोलवर एक रकाना आहे, त्यात सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता आणि ५२२२ हा दरवाजाचा क्रमांक भरता येतो. तो भरल्याबरोबर जो फोन आत यायला अर्धे मिनिट लावत होता तो क्षणात आत आला.

मग प्रमाणपत्राचा घोळ. निरोप गुप्त राहावा म्हणून सर्व्हरला ओळखपत्र लागते आणि सार्वजनिक ओळखपत्रे देणाऱ्या संस्था असल्या घरगुती नावाला ते देत नाहीत. स्वतःच बनवावे लागते, आणि मग प्रत्येक फोन पहिल्यांदा घाबरून विचारतो की याच्यावर विश्वास ठेवू का? सिस्टर म्हणाली, ‘‘सर, हे धोकादायक आहे असं लिहिलंय.’’ तिला बोटांच्या ठशासारखी ती अक्षरे सर्व्हरच्या पडद्यावरच्या अक्षरांशी ताडून दाखवली. दोन्ही जुळल्यावर ती म्हणाली, ‘‘मग बँकेच्या वेळी आपण हे कधीच ताडत नाही, तेव्हा कोण ताडतं?’’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास सत्कारणी लागला असे मी समजतो.

डॉक्टरचा फोन महागडा, आयफोन. तोच तेवढा शेवटपर्यंत रुसला. त्यातले ॲप उघडे असेतो निरोप येत. खिशात घातला की बंद. ॲप मिटलेले असताना निरोपाची घंटी वाजवायचे काम त्या फोनात कंपनीच्या सर्व्हरकडून होते आणि तो बाहेर. डॉक्टरला कुणाचा तरी जुना अँड्रॉइड फोन घेऊन फिरावे लागले. आणखी एक मजा. त्या जुन्या कॉम्प्युटरातले बटणाएवढे सेल मेले होते. वीज गेली की त्याचे घड्याळ २००९ सालच्या १ जानेवारीला जाऊन बसे, आणि ज्यांचे फोन बंद होते त्यांना साठवलेले निरोप अकरा वर्षांपूर्वीच्या तारखेने मिळत. एरवी यंत्रे वेळही बाहेर विचारून घेतात. तीही वाट बंद होती. घड्याळजीकडून नवा सेल आणला, वेळ हाताने लावली.

नावे माणसांची न ठेवता जागांची ठेवली : वॉर्ड, मेडिकल, लॅब, डॉक्टर, गेट. पाळी बदलली तरी निरोप खुर्चीला पोचला पाहिजे. वॉर्डातून मेडिकलला पहिला निरोप गेला, ‘आलं का?’ खालून उत्तर आले, ‘आलं.’ मामा त्या वेळी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले होते. औषधे वर न्यायला ते लागणारच होते, पण खेपा निम्म्याने कमी झाल्या आणि वरून खाली येणारा कागद बंद झाला.

माझे म्हणणे आता स्पष्टच मांडतो. शाळा, पतपेढी, ग्रामपंचायत, दवाखाना, ज्या ज्या संस्थेला आपल्या भिंतींच्या आत बोलावे लागते, तिला ते बाहेरच्या कुणाला नाव-पत्ता न विचारता बोलता आले पाहिजे. ही चैन नव्हे. विहिरीवर झाकण असावे, जनरेटरमध्ये डिझेल असावे, तितकी ही साधी बाब आहे. आपण लाखो रुपयांचे कॉम्प्युटर घेतो, आणि शेजारच्या दोन यंत्रांना एकमेकांचा पत्ता ठाऊक आहे का, हे कुणी विचारत नाही.

यावर मला सांगण्यात येते की मोठ्या कंपन्यांची व्यवस्था तुमच्या अडगळीतल्या यंत्रापेक्षा लाख पटीने भरवशाची. बहुतेक दिवशी, हो. पण ४ ऑक्टोबर २०२१ चा सोमवार आठवून पाहा. रात्री नवाच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळे गेले ते पहाटेपर्यंत. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने त्यांचे आतले जाळे तुटले. ते तुटल्याचे पाहून त्यांच्या नावे सांगणाऱ्या सर्व्हरांनी आपला रस्ताच जगाच्या नकाशावरून मागे घेतला. टपरी बंद! आणि त्या कंपनीचे स्वतःचे अंतर्गत कामही त्याच नावांवर बेतलेले होते. दुरुस्तीला निघालेल्या त्यांच्या अभियंत्यांची हत्यारेच बंद पडली, यंत्रांपर्यंत पोचण्यातच वेळ गेला. इतक्या हुशार माणसांनीसुद्धा घरातल्या घरात बोलायची दुसरी वाट पुरेशी राखलेली नव्हती.

उलट बाजूने माझ्या मतातली खोटही सांगायला हवी. स्वतःची यादी ठेवायची म्हणजे ती कुणीतरी राखायची. मेन्लो पार्कला जो पिट्टा पडला तो छोट्या प्रमाणावर इथेही पडतो. मनोरे दुरुस्त होऊन मोबाइलची रेंज येऊ-जाऊ लागली तेव्हा वॉर्डातले काही फोन ‘या वाय-फायला इंटरनेट नाही’ असे ठरवून परस्पर बाहेरच्या जाळ्यावर जाऊ लागले. त्यांना एकेक करून बजावावे लागले. पुढे टाळेबंदी उठली, मी पुण्याला परतलो. सिस्टरसाठी एक शंभर पानी वही ठेवून आलो. कोणत्या यंत्राचा पत्ता काय, राउटरमध्ये कुठे जायचे, काय बदलायचे नाही. ती कुणी उघडेल अशी खरे तर मला आशा नव्हती.

२०२२ च्या पावसाळ्यात एके रात्री तिचा फोन आला. नेटवाल्याच्या माणसाने जुना राउटर नेऊन नवा बसवला होता. नवा राउटर पत्ते वाटताना १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० ने सुरुवात करत होता. आकडा एकाचा शून्य, आणि वॉर्डाला मेडिकल दिसेना. नेटवाला म्हणत होता, ‘‘इंटरनेट चालू आहे ना? मग तक्रार काय?’’ तक्रार काय ते त्याला समजेना, आणि त्याचाही दोष नाही; त्याच्या लेखी नेटवर्क म्हणजे बाहेर जाणारी तार.

मी म्हटले, ‘‘उद्या सकाळी मी फोनवरून सांगतो, तसं करा.’’

सकाळी नऊला फोन केला, तर ती म्हणाली, ‘‘झालं, सर. वहीत बारा नंबरच्या पानावर होतं ते बघून राउटरमध्ये जाऊन परत एक केला. रात्रीच. एकदा चुकलं, मग राउटरच दिसेना. तेव्हा मामांनी मागचं छोटं बटण टाचणीने दाबून धरलं. मग परत पहिल्यापासून केलं.’’

परवा गावी गेलो तेव्हा ती वही पाहिली. माझ्या अक्षरातली शेवटची नोंद सतरा नंबरची. त्यापुढे तिच्या अक्षरात एक्स-रे, प्रसूतिगृह, नवीन गेट. प्रत्येकापुढे पत्ता आणि तारीख; एकावर काट मारून बाजूला ‘जळाला’ असे लिहिलेले. सर्व्हरचे डबडे अजून जिन्याखालीच आहे. त्यावर चिकटपट्टीने कागद लावलाय : ‘हलवू नये. पुसू नये. विचारल्याशिवाय बंद करू नये.’